संथ व्यायामाची कुळकथा



गेल्या वर्षीं माझा भाचा सिंगापुराहून सोलापुरास आला होता. "मामा, मीं तिकडे ताई ची शिकून घेतलें," असें तो म्हणतांच आमच्या मंडळींनीं स्वयंपाकघरांतून विचारलें, "कोणत्या ताईची, आणि काय?" सारें घर हसलें. मराठी कानाला हें चिनी नांव असेंच गमतीचें वाटणार. परंतु त्यामागील इतिहास पाहूं गेल्यास तो आपल्या महाराष्ट्राच्या इतिहासाशीं चांगलाच जुळतो, आणि माझ्यासारख्या साठी उलटलेल्या माणसाला तर त्यांत आपली स्वतःची अडचण उलगडलेली दिसते. त्याविषयीं आज चार शब्द बोलावयाचे आहेत.

प्रथम ती अडचण सांगतों. मॅट्रिक होऊन मी शिक्षक झालों, त्याच्याही आधींपासून मी तालमींत जात असें. घाम गळल्यावांचून व्यायाम झाला असें आम्ही मानीतच नसूं. सेवानिवृत्तीनंतर गुडघ्यांनीं दगा दिला आणि डॉक्टरांनीं बैठका बंद करावयास सांगितल्या. हळूहळू हातपाय हलवावे, असें ते म्हणाले, तेव्हां मला मनांतून शरम वाटली. संथ व्यायाम म्हणजे थकलेल्यांची समजूत काढण्याचा प्रकार, अशी माझी धारणा होती. त्याच सुमारास माझे एक जुने सहाध्यापक रात्रीं न्हाणीघरांत घसरून पडले. माणूस मोठा कसलेला. बैठका त्यांनीं शेवटपर्यंत सोडल्या नव्हत्या. परंतु खुब्याचें हाड मोडलें तें मोडलेंच, आणि पुन्हां त्यांनीं घराचा उंबरठा ओलांडला नाहीं. त्यांच्या अंगांत बळ पुष्कळ होतें. एका पायावर तोल सांवरण्याचें कसब मात्र न कळत निघून गेलें होतें. या प्रसंगानंतर मीं भाच्याच्या सांगण्याकडे लक्ष दिलें, आणि शिक्षकाच्या संवयीप्रमाणें आधीं त्या विद्येचा इतिहास धुंडाळला.

सोलापूरकरांना चीन देश परका नाहीं. डॉ. द्वारकानाथ कोटणीस हे १९१० सालीं याच शहरांत जन्मले. १९३८ सालीं राष्ट्रसभेनें चीनकडे जें पांच डॉक्टरांचें पथक पाठविलें, त्यांत ते होते. आणि ९ डिसेंबर १९४२ रोजीं, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षीं, जखमी सैनिकांची सेवा करीत असतांच त्यांनीं हेबेई प्रांतांत देह ठेविला. आज आपण ज्या व्यायामाविषयीं बोलत आहों, त्याची सर्वांत प्रसिद्ध शाखा ज्या घराण्याच्या नांवानें चालते, तें यांग घराणेंही याच हेबेई प्रांतांतील योंगन्यान या गांवचें.

या घराण्याचे मूळ पुरुष यांग लुचान. त्यांचा काळ १७९९ ते १८७२. शेजारच्या हेनान प्रांतांत चेन नांवाच्या कुळाचें एक खेडें आहे. तेथील चेन चांगशिंग या गुरूंपाशीं त्यांनीं मल्लविद्या संपादन केली आणि पुढें पेकिंग येथें मांचू सरदारांना ती शिकविली. ही विद्या लढण्याची होती. तिच्या पूर्ण चिनी नांवांत 'छ्वान' हा शब्द आहे, त्याचा अर्थ मूठ असा होतो. मूळ चेन पद्धतींत उड्या आहेत, पाय आपटणें आहे, एकाएकीं विजेसारखा प्रहार आहे. आपल्याकडील वस्ताद जसा एखादा डाव स्वतःपाशीं राखून ठेवी, तशी ही विद्याही घराण्यांत राखलेली असे.

मग ती संथ कशी झाली? १९११ सालीं क्रांति झाली, मांचू राजघराणें गेलें, आणि दरबारी आश्रयही गेला. बंदुकीपुढें मुठीचें महत्त्व तर त्यापूर्वींच संपलें होतें. १९१२ सालीं पेकिंगमध्यें शारीरिक शिक्षणाचा अभ्यास करणारी एक संस्था निघाली, व तेथें यांग लुचान यांचे नातू यांग चेंगफू शिकवूं लागले. त्यांच्यापुढें आतां शिपाई नव्हते; कचेरींत बसणारे, अशक्त, आजारी, वयस्क असे नागरिक होते. आजोबांच्या काळापासून हळूहळू घडत आलेला बदल नातवानें पुरा केला. उड्या काढल्या, पाय आपटणें काढलें, आणि प्रारंभापासून अखेरीपर्यंत एकाच संथ गतीनें चालणारी हालचालींची मालिका सिद्ध केली. त्यांचे एक शिष्य झेंग मानचिंग हे क्षयानें पोखरलेल्या अवस्थेंत या विद्येकडे वळले, आणि पुढें त्यांनीं स्वतःच तिची ३७ हालचालींची छोटी आवृत्ति करून ती अमेरिकेपर्यंत नेली.

आतां आपल्याकडे पाहूं. यांग चेंगफू यांचा जन्म १८८३ चा. त्याच वर्षीं डभोई येथें जगन्नाथ गणेश गुणे जन्मले. त्यांनाच पुढें स्वामी कुवलयानंद म्हणून सारा देश ओळखूं लागला. त्यांचे आरंभींचे गुरु बडोद्याचे प्रो. माणिकराव, म्हणजे तालीम, लाठी, कुस्ती यांचें शिक्षण. नंतर नर्मदाकांठच्या मालसर येथील परमहंस माधवदासजींकडून त्यांनीं योगाचे पाठ घेतले. १९२४ सालीं लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन झालें, आणि उड्डियान व नौलि यांसारख्या क्रिया चालूं असतां पोटांत काय घडतें, हें क्ष-किरणांच्या साहाय्यानें तपासलें गेलें. जी विद्या गुहेंत व मठांत होती, ती अशा रीतीनें गृहस्थाच्या घरांत आली. १९३६ सालीं तर त्यांनीं शाळांतील मुलांच्या समुदायासाठीं 'यौगिक संघ व्यायाम' हें पुस्तक सिद्ध केलें.

दोघांची एकमेकांशीं ओळख नव्हती. एकाची विद्या चालती, दुसऱ्याची बरीचशी स्थिर. तरीही दोघे आले ते मल्लविद्येच्या अंगणांतून, आणि दोघांनीं आपआपल्या देशांतील दुर्बळाकडे पाहून विद्येचें दार उघडलें. ज्यांना वेग आणि जोर येत नव्हता अशांनीं हा संथपणा शोधून काढला नाहीं. ज्यांना तो पूर्णपणें येत होता त्यांनीं जाणूनबुजून दिला. हें ध्यानांत आल्यावर माझी शरम गेली.

हा संथपणा सोपा आहे असें मात्र कोणी समजूं नये. शाळेच्या क्रीडामहोत्सवांत संथ सायकलीची शर्यत असते. भरधाव सायकल कोणतेंही पोर चालवितें. सर्वांत मागें राहून न पडणें ज्याला साधतें तो खरा सायकलपटु. ताई चीचें वर्म तेंच आहे. गुडघे किंचित् वांकलेले, पाठ सरळ, खांदे सैल. शरीराचा सारा भार एका पायावर नेऊन दुसरा पाय अगदीं रिकामा करावयाचा, मगच तो उचलावयाचा, आणि टांच टेकल्यावर भार सावकाश पुढें न्यावयाचा. म्हातारा माणूस पडतो तो बहुधा याच क्षणीं, एका पायावरून दुसऱ्यावर जातांना. अमेरिकेंतील अटलांटा येथें सत्तरीच्या पुढील २०० माणसांवर केलेल्या प्रयोगाचा वृत्तांत १९९६ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत पंधरा आठवडे ताई ची शिकलेल्यांचा वारंवार पडण्याचा धोका जवळजवळ निम्म्यानें घटलेला आढळला. माझ्या सहाध्यापकांची आठवण मला हें वाचतांना झाली, हें सांगावयास नकोच.

१९५६ सालीं चीन सरकारच्या क्रीडाविभागानें यांग पद्धतीवरून २४ हालचालींची सुटसुटीत मालिका तयार केली. पांच-सहा मिनिटांत ती पुरी होते, आणि सामान्य लोकांत आज तीच अधिक चालते. युनेस्को या संस्थेनें मानवजातीच्या वारशाच्या यादींत २०१६ सालीं योगाचा, आणि २०२० सालीं या चिनी विद्येचा समावेश केला.

माझ्यापुरतें म्हणाल तर, भाच्यानें दाखविलेल्या पहिल्या आठ हालचाली मला बसावयास तीन महिने लागले. आरंभीं खुर्चीची पाठ धरून करीत असें. सोलापूरचा उन्हाळा आपण जाणतांच. म्हणून पहांटे, ऊन चढण्यापूर्वीं, गच्चीवर उभा राहतों. ज्यांनीं कोणत्या ताईची म्हणून विचारलें होतें, त्याही आतां शेजारीं उभ्या असतात, आणि माझी घाई झाली कीं टोकतात. गुडघेदुखी समूळ गेली असें मी म्हणणार नाहीं. परंतु रात्रीं उठून न्हाणीघराकडे जातांना भिंत धरावी लागत नाहीं, एवढें खरें.

ज्यांना रक्तदाब, हृदयविकार किंवा चक्कर यांचा त्रास आहे, त्यांनीं आपल्या डॉक्टरांस विचारून, आणि जाणत्या माणसाच्या देखरेखीखालीं आरंभ करावा. कोणी आसनें करावीं, कोणी ताई ची करावें. घरांतील वडील माणूस हळू चालतांना दिसला, तर त्याला हंसूं मात्र नये. कदाचित् तो मोठ्या कसरतीचा अभ्यास करीत असेल.