हातमोज्यांचा शोक

प्रारंभीच्या अमेरिकेत मृत्यू फार जवळ वावरत असे. 1620 च्या अखेरीस 'मेफ्लॉवर' जहाजातून प्लिमथला उतरलेल्या सुमारे शंभर माणसांपैकी जवळजवळ निम्मी पहिल्याच हिवाळ्यात दगावली. त्यांच्यामागून न्यू इंग्लंडमध्ये वसलेल्या प्युरिटनांचा अंत्यविधी मात्र अगदी साधा होता. जिवंतांच्या प्रार्थनेने मृताची गती बदलत नाही, अशी त्यांची श्रद्धा. म्हणून घंटा वाजे, शेजारीपाजारी जमत, प्रेत नेऊन पुरत आणि परतत. कबरीपाशी काही वाचलेही जात नसे.

धर्माने रिकामी ठेवलेली ही जागा पुढे समाजाने भरली. अंत्ययात्रेचे आमंत्रण म्हणून हातमोज्यांचा जोड पाठवण्याची रीत पडली. खांदेकरी, धर्मगुरू आणि प्रतिष्ठितांना उंची मोजे, स्कार्फ व सोन्याच्या अंगठ्या. इतरांना साधे मोजे. मोज्यांच्या प्रतीवरून माणसाची पायरी कळे. बॉस्टनचे न्यायाधीश सॅम्युअल स्यूअल कोणाच्या अंत्यविधीत काय मिळाले, हे रोजनिशीत टिपून ठेवत. हा मनुष्य कोरड्या काळजाचा नव्हता. त्याच्या 14 अपत्यांपैकी बहुतेक त्याच्या हयातीतच गेली. दुःख खरे होते, आणि देण्याघेण्याचा हिशेबही खरा होता.

1738 मध्ये अँड्र्यू फॅन्युइल या धनाढ्य व्यापाऱ्याच्या अंत्ययात्रेत 3000 जोड वाटले गेले. श्रीमंतांना हे झेपे. सामान्य घरात मात्र हा खर्च मृताच्या मिळकतीतून निघे आणि विधवेच्या व मुलांच्या वाट्याचे तेवढे कमी होई. मॅसॅच्युसेट्सने 1721 मध्ये कायद्याने स्कार्फ वाटण्यास बंदी केली. 1742 च्या सुमारास अंगठ्या व मद्यावरही निर्बंध आले आणि मोजे फक्त खांदेकरी व धर्मगुरूंपुरते ठेवले. तरी ओघ थांबला नाही. बॉस्टनचे धर्मगुरू अँड्र्यू इलियट यांना अंत्यविधी, विवाह व बाप्तिस्म्यांच्या निमित्ताने 32 वर्षांत 2940 जोड मिळाले. ते त्यांनी विकले.

मग ही रीत मोडण्याचे बळ कोठून आले? इंग्लंडशी चाललेल्या संघर्षातून. मोजे आणि शोकवस्त्रे बहुतांशी इंग्लंडहून येत. 1774 च्या पहिल्या काँटिनेंटल काँग्रेसने बहिष्काराच्या करारात एक कलमच घातले : पुरुषांनी दंडावर किंवा टोपीवर काळी फीत, स्त्रियांनी काळी फीत व काळा कंठा, याहून अधिक शोकवेश करू नये, अंत्यविधीत मोजे व स्कार्फ देणे बंद करावे.

मला यातले मर्म असे वाटते. खर्च परवडत नाही, हे प्रत्येक घराला आधीही कळत होते. अडचण होती ती एकट्याने हात आखडण्याच्या लाजेची. कालपर्यंत मोजे न देणारा कंजूष ठरे. सर्वांनी मिळून ठरवल्यावर तोच देशाभिमानी ठरला. दंडाच्या धाकाने जे साधले नव्हते, ते लाज दूर झाल्यावर साधू लागले. मृतासाठी रडण्याचा अधिकार प्युरिटनांच्या काळीही कोणी काढून घेतला नव्हता. 1774 च्या कलमाने फक्त त्या रडण्याला लागलेली किंमत उतरवली.