श्रमदानाची सुट्टी : परदेशस्थ मराठी माणसासाठी एक माहितीपर टिपण

कापेल आन डेन आयसेल हे रॉटरडॅमला खेटून असलेले आमचे गाव. त्याचा बराचसा भाग समुद्रसपाटीच्या खाली आहे. गावाच्या पूर्वेला, न्यूवेरकेर्क आन डेन आयसेलच्या हद्दीत, नेदरलँड्समधील सर्वांत सखल जागा आहे. ती समुद्रसपाटीच्या ६.७६ मीटर खाली. १९५३च्या फेब्रुवारीतील महापुरात त्या बाजूचा बांध फुटला, तेव्हा एका नावाड्याने आपले मालवाहू जहाजच भगदाडात आडवे घालून ते बुजवले. त्यानंतर १९५८मध्ये कापेल आणि क्रिंपेन यांच्या दरम्यान, हॉलंड्से आयसेल नदीवर, वादळी भरती अडवणारे दरवाजे उभे राहिले. प्रसिद्ध डेल्टा प्रकल्पातील ते पहिले बांधकाम. या भागाचे पाणी सांभाळणाऱ्या स्खीलांडच्या जलसंस्थेचा इतिहास तर १२७३पर्यंत मागे जातो. सांगायचे इतकेच की, इथे साडेसातशे वर्षे माणसे पाणी बाहेर काढण्यासाठी एकत्र येत आहेत.

आपल्याकडच्या दुष्काळी पट्ट्यात हेच उलटे. सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यात वर्षाकाठी सरासरी ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तोही मोजक्या दिवसांत, धो धो. रॉटरडॅमचा पाऊस ८०० मिलिमीटरहून अधिक; पण तो बारा महिने भुरभुरत राहतो. माणमधला पाऊस उतारावरून माती घेऊन ओढ्याला मिळतो आणि फेब्रुवारीत विहिरीचा तळ दिसू लागतो. तेथे माणसे एकत्र येतात ती पाणी आत जिरवण्यासाठी.

दरवर्षी वसंत ऋतूत वाचकांकडून एक प्रश्न येतो : सुट्टीत घरी जाणारच आहोत, तर चार दिवस एखाद्या गावात काही उपयोगाचे काम करता येईल का? मुलांनाही दाखवता येईल. प्रश्न प्रामाणिक असतो. उत्तर ‘हो’ असेच आहे, परंतु त्या ‘हो’ला काही अटी आहेत. त्या आधी समजून घेतलेल्या बऱ्या.

श्रमदानाची परंपरा

परदेशात ज्याला स्वयंसेवा म्हणतात, तिला आपल्या भाषेत ‘श्रमदान’ हा अधिक नेमका शब्द आहे. वाचकांपैकी अनेकांनी महाविद्यालयात राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसांच्या शिबिरात रस्ते दुरुस्त केले असतील. ही योजना १९६९ची. गाडगेबाबा गावात आल्यावर आधी खराटा हाती घेत आणि मग कीर्तनाला उभे राहत. त्यांच्या खराट्याची आठवण आपल्या पिढीपर्यंत निदान पाठ्यपुस्तकातून तरी पोहोचली आहे.

संघटित रूपाने पाहायचे तर चंद्रपूर जिल्ह्यातील मूल तालुक्यातल्या सोमनाथ प्रकल्पाचे नाव आधी घ्यावे लागेल. बाबा आमटे यांनी १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात तेथे तरुणांसाठी ‘श्रमसंस्कार छावणी’ सुरू केली. मे महिन्याच्या मध्यावर, साधारणपणे १५ ते २२ तारखांना ती भरत आली आहे. सकाळी श्रम, दुपारनंतर चर्चा आणि व्याख्याने असा तिचा क्रम. विदर्भाच्या मे महिन्यातील उन्हात कुदळ धरायला लावणे यामागे बाबांचा हेतू केवळ बांधबंदिस्तीचा नव्हता, हे उघड आहे. महाराष्ट्रातील पुढच्या अनेक सामाजिक कामांना या छावणीने माणसे पुरवली.

अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यातील राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजार ही नावे सर्वांना ठाऊक आहेत. हिवरे बाजारच्या पंचसूत्रीत कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी आणि नसबंदी यांच्या जोडीला श्रमदान होते. पाहुण्यांच्या लक्षात बहुधा हिरवे शिवार राहते. मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो तेथील पाण्याचा ताळेबंद. पावसाळा संपला की पाऊस किती झाला, प्यायला किती लागेल, गुरांना किती, हे मांडून उरलेल्या पाण्यावर कोणती पिके घ्यायची ते गाव ठरवते. उसाला आणि केळीला मनाई, शेतीसाठी विंधन विहिरीला मनाई. चर खोदणे त्यामानाने सोपे. ही मनाई पाळणे अवघड.

वॉटर कप आणि जलमित्र

शहरी आणि परदेशस्थ मराठी माणूस मोठ्या संख्येने या कामाकडे वळला तो २०१६नंतर. आमिर खान आणि किरण राव यांनी स्थापन केलेल्या पानी फाउंडेशनने त्या वर्षी ‘सत्यमेव जयते वॉटर कप’ ही गावांची स्पर्धा सुरू केली. पहिल्या वर्षी वरुड, अंबाजोगाई आणि कोरेगाव हे तीनच तालुके होते. २०१७मध्ये ते ३० झाले, २०१८मध्ये ७५ आणि २०१९मध्ये ७६. कोरेगाव तालुक्यातील वेळू, आर्वी तालुक्यातील काकडदरा, माणमधील टाकेवाडी आणि बार्शी तालुक्यातील सुर्डी ही अनुक्रमे चार वर्षांची विजेती गावे. गावातील काही स्त्री-पुरुषांना आधी प्रशिक्षण, मग उन्हाळ्यातील सुमारे दीड महिन्याचा कालावधी आणि केलेल्या कामाचे मोजमाप, असे त्याचे स्वरूप होते.

१ मे २०१८ रोजी ‘महाश्रमदाना’साठी शहरांतून ‘जलमित्र’ बोलावले गेले, तेव्हा मी माण तालुक्यातील एका गावी गेलो होतो. पहाटे साडेपाचला टेकडीखाली दोनशे माणसे जमलेली. सकाळभरात माझ्या हातून जेमतेम अडीच मीटर चर झाला. शेजारच्या सत्तरीच्या मावशींचा चार मीटर पुरा होऊन त्या माती काठावर चोपत होत्या. माझी अवस्था पाहून म्हणाल्या, “पाव्हणं, टिकाव खांद्यातनं मारायचा, कमरेतनं न्हाई. उद्या उठाय येणार न्हाई तुमास्नी.” दुसऱ्या दिवशी खरोखरच उठता आले नाही.

त्या अडीच मीटरचे मोल किती? ‘सलग समतल चर’ हा डोंगराच्या उतारावर एकाच उंचीच्या रेषेत, म्हणजे समपातळीत, खोदायचा असतो. रेषा आखण्यासाठी पाणी भरलेली पारदर्शक नळी, इंग्रजी ‘ए’ अक्षराच्या आकाराची लाकडी चौकट किंवा हायड्रोमार्कर वापरतात. रेषा चुकली तर पाणी चरात थांबण्याऐवजी एका टोकाला धावते आणि काठ फोडते. मग चर नसता तर बरे झाले असते असे म्हणण्याची वेळ येते. साठ सेंटिमीटर रुंद आणि तीस सेंटिमीटर खोल चरात दर मीटरला १८० लिटर पाणी मावते. म्हणजे माझ्या सकाळचे ४५० लिटर, एका भरण्याचे. पावसाळ्यात चर अनेकदा भरतो आणि जिरतो, त्यामुळे प्रत्यक्ष आकडा मोठा होतो. शिवाय माती जागेवर राहते ती वेगळीच. काम नेहमी माथ्याकडून पायथ्याकडे न्यायचे. आधी डोंगरावरचे चर, मग ओघळींतले दगडी बांध, मग शेतांची बांधबंदिस्ती आणि सर्वांत शेवटी नाला. उलट क्रमाने केले तर वरची माती येऊन खालचे काम बुजते.

आता विमानाच्या एका तिकिटाच्या रकमेत पोकलेन यंत्र कितीतरी तास चालते, हा हिशेब कोणीही मांडू शकतो. मांडावाही. केवळ घनमीटरच हवे असतील तर आपण ॲम्स्टरडॅमहून उडण्याऐवजी डिझेलचे पैसे पाठवणे शहाणपणाचे. त्या सकाळी मला जाणवले ते एवढेच की, ग्रामपंचायतीच्या निवडणुकीपासून एकमेकांशी अबोला धरलेली दोन घरे एकाच रांगेत घमेली पुढे देत होती आणि बाहेरचे पाहुणे आल्यामुळे त्यांना तसे करणे सोपे झाले होते. पाहुण्याचा उपयोग असला तर तो असा, काहीसा निमित्तमात्र.

पाणी कोणाच्या विहिरीत?

येथे एक अवघड प्रश्न आहे आणि जाणाऱ्याने तो मनात ठेवूनच जावे. टेकडीवर जिरवलेले पाणी उतरते ते खालच्या विहिरींत. विहिरी असतात जमीनवाल्यांच्या. मग भूमिहीन कुटुंबाने सुट्टीच्या दिवशी फुकट श्रम का करावेत? १९७२च्या दुष्काळात महाराष्ट्राने याच कामांवर लाखो लोकांना मजुरी दिली आणि त्यातूनच पुढे रोजगार हमीचा कायदा उभा राहिला. मजुरीचे काम ‘दान’ म्हणून करून घेणे हा काहींच्या दृष्टीने उलटा प्रवास आहे. या आक्षेपात तथ्य आहे.

पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी १९७०च्या दशकात पाणी पंचायत सुरू करताना या प्रश्नाला थेट हात घातला होता. पाण्याचा वाटा जमिनीच्या प्रमाणात नव्हे, तर कुटुंबातील माणशी ठरवला. भूमिहीनालाही वाटा दिला आणि ऊस घ्यायचा नाही, असा नियम केला. साळुंखे हे पेशाने अभियंते आणि उद्योजक. आपल्या वाचकवर्गाने त्यांच्याकडे जरूर पाहावे, कारण त्यांनी गावाला पंप दिले असते तरी ते थोर ठरले असते. त्यांनी दिला तो वाटपाचा नियम.

दुसरी मर्यादा भूगर्भाची. महाराष्ट्राचा सुमारे ८२ टक्के भूभाग बेसॉल्ट खडकाचा आहे. त्यात पाणी साठते ते झिजलेल्या थरात आणि भेगांत. साठवण थोडी, आणि भरली की भरली. आमच्या कापेलच्या पायाखालच्या पीट मातीचे दुखणे वेगळे. तिच्यातले पाणी उपसले की ती वाळून कुजते आणि जमीन खचत जाते. दोन्हीकडे जमीन आपल्या मगदुरापलीकडे काही देत नाही. म्हणून जिरवलेले पाणी पुढच्याच वर्षी उसाने पिऊन टाकले, अशी गावे आहेत. राज्य शासनाच्या जलयुक्त शिवार योजनेवर ९,६०० कोटी रुपयांहून अधिक खर्च होऊनही भूजल पातळीवर तिचा फारसा परिणाम दिसला नाही, असा ठपका भारताच्या महालेखापालांनी २०२०च्या अहवालात ठेवला. गाव निवडताना ‘किती चर खोदले’ याआधी ‘पिके कशी ठरवता’ हे विचारावे. उत्तर देताना सरपंच अडखळले तर समजून घ्यावे.

वॉटर कप २०१९नंतर थांबला. फाउंडेशननेही पुढे ‘समृद्ध गाव स्पर्धा’ आणि मग गटशेतीवर भर देणारा ‘फार्मर कप’ असा मार्ग धरला. त्यामुळे आज जलमित्र होऊन एका सकाळी टिकाव मारण्यापेक्षा, वर्षभर एखाद्या शेतकरी गटाचा हिशेब, नकाशे किंवा बाजारपेठेची माहिती पाहणे, हे आयटीतल्या माणसाकडून अधिक अपेक्षित असते. छायाचित्रे त्यात फारशी मिळत नाहीत.

कागदपत्रे, पैसे, पंचांग

नेदरलँड्समधील कुटुंबांसाठी तारखांचा एक योग जुळून येतो. येथील शाळांची मे महिन्याची सुट्टी, ‘मेइफाकांसी’, एप्रिलच्या अखेरीस सुरू होते आणि तिच्यात १ मे, महाराष्ट्र दिन, बहुधा सापडतो. सोमनाथची छावणी मात्र त्या सुट्टीबाहेर पडते आणि शाळा सुरू असताना मुलांना परवानगीविना नेले तर येथे दंड होतो. जुलै-ऑगस्टची मोठी सुट्टी पावसाळ्यात येते. तेव्हा खोदकाम नसते. वृक्षलागवड, कोकणात भातलावणी, हे चालते. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपलीकडे जातो. काम पहाटे सुरू करून नऊ-साडेनऊला थांबवावे. धनुर्वाताची लस झाली आहे ना, आणि कावीळ व विषमज्वराच्या लसींची गरज आहे का, हे निघण्यापूर्वी येथील सार्वजनिक आरोग्यसेवा केंद्रात, म्हणजे ‘खे-खे-डे’मध्ये, विचारून घ्यावे.

डच पारपत्र आणि ओसीआय कार्ड असलेल्यांना गावात श्रमदान करण्यास सामान्यतः अडचण नाही. ओसीआयधारकाला पत्रकारिता, संशोधन, धर्मप्रचार आणि गिर्यारोहण यांसाठी मात्र २०२१च्या अधिसूचनेनुसार विशेष परवानगी लागते. (माझ्यासारख्याने तेथे जाऊन वही उघडण्यापूर्वी हे लक्षात ठेवलेले बरे.) सोबतच्या डच मित्राला ई-पर्यटक व्हिसावर एक महिन्यापर्यंतचे, कोणताही मोबदला नसलेले स्वयंसेवी काम करता येते. तरीही निघण्यापूर्वी नियम ताजे तपासून घ्यावेत.

पैशांच्या बाबतीत बहुतेकांची चूक होते. भारतीय पारपत्र असलेल्या अनिवासी भारतीयाने आपल्या बचतीतून, नेहमीच्या बँकमार्गाने दिलेली देणगी विदेशी ठरत नाही. डच नागरिकत्व घेतलेल्याची मात्र विदेशी ठरते, कार्ड ओसीआयचे असले तरी. अशी देणगी घेणाऱ्या संस्थेकडे विदेशी अंशदान कायद्याखालील नोंदणी हवी आणि २०२०च्या दुरुस्तीनंतर ती रक्कम भारतीय स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील खात्यातच आली पाहिजे. गावातल्या छोट्या मंडळाकडे हे नसते. उत्साहाने दिलेले युरो त्यांनाच अडचणीत आणतात; वस्तूरूपाने दिलेल्या मदतीलाही हाच कायदा लागू होतो. दांपत्यातील एकाचे पारपत्र भारतीय असेल तर त्याच्या स्वतःच्या खात्यातून त्याने द्यावे, हा सरळ मार्ग. भारतातील ८०जी पावती डच करविवरणात उपयोगी पडत नाही. येथील सवलतीसाठी देणगी ‘अन्बी’ दर्जाच्या संस्थेलाच द्यावी लागते.

ज्यांना यंदा जाणे जमणार नाही त्यांच्यासाठी येथेही काम आहे. मार्चमधील ‘एनएल-डूट’ या राष्ट्रीय स्वयंसेवा दिवसांत देशभर हजारो ठिकाणी माणसे लागतात. हिवाळ्यात वाकड्या बुंध्यांच्या विलोची छाटणी स्वयंसेवक करतात. फांद्या दर काही वर्षांनी कापल्या नाहीत तर त्यांच्या भाराने झाड दुभंगते. करवत, हातमोजे आणि मटारचे घट्ट सूप बहुतेक ठिकाणी आयोजकच देतात. पायांत मात्र गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट आपलेच न्यावेत.