रजा संपताना बाळाला बाटलीची सवय

प्रसूतिरजा संपत आली की 'मी नसताना बाळ दूध कसे पिणार?' ही चिंता आईला भेडसावू लागते. २०१७ मधील कायदादुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठीची प्रसूतिरजा २६ आठवड्यांची झाली. मात्र त्यातील आठ आठवडे प्रसूतीपूर्वी घेतले, तर आई रुजू होते तेव्हा बाळ चार महिन्यांचेच असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार पहिले सहा महिने बाळाला केवळ मातेचे दूध द्यावे. बाटली आली म्हणून हे दूध थांबण्याचे कारण नाही. ते काढून ठेवून बाळाला देता येते.

सुरुवात केव्हा?
रुजू होण्याच्या दोन-तीन आठवडे आधी दिवसातून एकदा बाटली द्यावी. भुकेने रडणारे बाळ नवी गोष्ट स्वीकारत नाही. ते शांत असताना थोडेसेच दूध देऊन पाहावे. आईच्या कुशीत बाळ अंगावरचेच दूध शोधते. म्हणून पहिले काही दिवस वडिलांनी किंवा आजीने बाटली द्यावी.

कसे पाजावे?
दूध संथ येईल असे बूच निवडावे. बाळाला जवळजवळ बसते धरून बाटली आडवी ठेवावी आणि मधूनमधून थांबावे. बाळाने तोंड फिरवल्यास बळजबरी न करता काही वेळाने पुन्हा प्रयत्न करावा. बाळाच्या तोंडात बाटली टेकवून त्याला झोपवू नये.

दूध कसे साठवावे?
काढलेले दूध सामान्य तापमानाला चार तास, तर फ्रिजमध्ये चार दिवस टिकते. उन्हाळ्यात ते लगेच फ्रिजमध्ये ठेवणेच इष्ट. देताना भांडे कोमट पाण्यात ठेवावे. मायक्रोवेव्हमध्ये दूध असमान तापून तोंड भाजू शकते. बाळाने उष्टे केलेले दूध दोन तासांनंतर टाकून द्यावे.

बाटली नकोच असेल तर?
बाटलीच्या बुचात जंतू सहज साचतात. ती रोज धुऊन उकळणे शक्य नसेल, तर वाटी-चमचा किंवा आपले जुने बोंडले अधिक सुरक्षित. ते स्वच्छ करणे सोपे. बाटली व दुधाच्या पावडरीची जाहिरात करण्यास १९९२ च्या कायद्याने बंदी घातली, त्यामागे अर्भकांच्या आरोग्याचाच विचार होता. पावडरीचे दूध डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय सुरू करू नये.

आईने कामाच्या ठिकाणी दर तीन-चार तासांनी दूध काढावे, म्हणजे पान्हा टिकतो. सकाळी, संध्याकाळी व रात्री अंगावर पाजणे चालूच ठेवावे. बाळाने दिवसभरात सहापेक्षा कमी वेळा लघवी केली किंवा दूध पूर्णपणे नाकारले, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. एरवी चार-आठ दिवसांचा नकार ही ना आईची चूक, ना बाळाचा हट्ट. सवय लागायला तेवढा अवधी लागतोच.