मृत्युलेख कोणासाठी?

मृत्युलेख म्हटलं की आपल्याला ख्रिस्ती किंवा मुसलमान दफनभूमी आठवते. दहन करणाऱ्या घरात दगड उरत नाही. राख नदीला मिळते आणि नाव श्राद्धाच्या वेळी, गोत्रासह घेतलं जातं. पण आपल्याच सोलापुरात तळ्यातल्या मंदिरात सिद्धेश्वरांची समाधी आहे, लिंगायतांत दफनाची रीत आहे. महाराष्ट्रात गावोगावी वीरगळ आहेत. त्यांतल्या बहुतेकांवर अक्षर नसतं. खाली लढाई, वर अप्सरा, त्यावर शिवलिंगाची पूजा. गोष्ट चित्रातूनच कळते.

आता १९१० साली सोलापुरात जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस बघा. १९३८ मध्ये ते वैद्यकीय पथकातून चीनला गेले, जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करत राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या ३२व्या वर्षी वारले. त्यांची कबर आज शिजियाझुआंगच्या हुतात्मा स्मशानभूमीत आहे. माओंनी त्यांच्यासाठी स्वहस्ते मृत्युलेख लिहिला: सैन्यानं मदतीचा हात गमावला, राष्ट्रानं मित्र गमावला, असा त्याचा आशय.

यात गोत्र नाही, कुळ नाही, सोलापूरही नाही. श्राद्धात आपण सांगतो, हा माणूस कुणाचा होता. इथं सांगितलंय, तो गेल्यानं कुणाचं काय गेलं. म्हणजे मृत्युलेख लिहिला जातो मेलेल्याबद्दल, पण त्यात बोलतात ते मागे राहिलेले. म्हणून असा लेख वाचताना आधी विचारावं: हे कोण बोलतंय? आणि कोण गप्प आहे? कोटणिसांच्या बाबतीत गप्प राहिलं ते त्यांचं सोलापूरचं घर.