कारवानी कुत्र्याची वंशपरंपरा : भीमथडीतील वाटेवरून एक विचार

दख्खनच्या पठारावरील कारवानी कुत्र्याचा इतिहास लिहू पाहणाऱ्यास पहिली अडचण येते ती साधनांची. घोड्यांचा इतिहास लिहिणाऱ्याच्या हाताशी पागांचे हिशेब आणि खरेदीचे कागद असतात. कुत्र्याच्या वाट्यास दप्तर क्वचितच आले, आणि आले तेव्हा ते बहुधा राजदरबारच्या लहरीमुळे आले. वाघाच्या शिकारीत आपला जीव वाचविणाऱ्या कुत्र्यास साताऱ्याच्या शाहू महाराजांनी जहागिरीची सनद आणि पालखीचा मान दिला, ही हकीकत ग्रँट डफने १८२६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या इतिहासात नमूद केली आहे. संगम माहुली येथे त्या कुत्र्याचे स्मारक आजही दाखविले जाते. रायगडावरील वाघ्याची गोष्ट ह्याहून वेगळी. तेथील स्मारक १९३६ मधले असून त्या कथेस समकालीन साधनांत आधार नाही. ती लोकांत रुजण्यास राम गणेश गडकरी ह्यांच्या ‘राजसंन्यास’ नाटकाचा मोठा हातभार लागला. एका कथेस जुन्या लेखकाचा आधार आहे, दुसरीस तोही नाही. परंतु जातीच्या अभ्यासकास दोहोंचा उपयोग सारखाच थोडा. दोन्ही कथा स्वामिनिष्ठेच्या आहेत. कुत्रा कोणत्या बांध्याचा होता, कोणाकडून आला, त्याची पैदास कोणी राखली, हे त्या सांगत नाहीत.

कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसऱ्या सोमेश्वराच्या ‘मानसोल्लासा’त, म्हणजे बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात, राजाच्या विनोदांमध्ये सारमेयविनोदास स्वतंत्र स्थान आहे. कुत्र्यांची पारख आणि शिकवण हा ह्या भूभागात विद्येचा विषय मानला जात होता, एवढे त्यावरून म्हणता येते. त्या ग्रंथातील कुत्रे आणि आजचा कारवानी ह्यांच्यामध्ये मात्र सुमारे सातशे वर्षांची रिकामी जागा आहे, आणि ती कल्पनेने भरण्याचा मोह आवरणे बरे.

पक्की जमीन पायाखाली येते ती १८३१ मध्ये. कर्नल विल्यम हेन्री साइक्स हा मुंबई सरकारच्या वतीने दख्खनची सांख्यिकी पाहणी करीत होता. त्याने ह्या प्रदेशातील सस्तन प्राण्यांची एक यादी लंडनच्या प्राणिशास्त्र मंडळापुढे मांडली, आणि तीत पाळीव कुत्र्यांचे प्रकार सांगताना बळाने व आकाराने पहिला मान ‘ब्रिंजारी’ कुत्र्यास दिला. मंडळाच्या संग्रही असलेल्या इराणी शिकारी कुत्र्याशी तो काहीसा मिळताजुळता, परंतु त्याहून पुष्कळ बळकट आहे, असे साइक्सचे निरीक्षण आहे. नोंद चार ओळींची असली तरी तिच्यातून दोन गोष्टी निघतात. कुत्र्याची ओळख गावावरून किंवा संस्थानावरून नव्हे, तर तो पाळणाऱ्या फिरत्या लोकांवरून झाली आहे; आणि त्याचे इराणी वळण जाणत्या माणसाच्या नजरेत तेव्हाही भरले होते. इंग्रजी लेखकांचा ‘ब्रिंजारी’ हा शब्द लमाण, बंजारा आणि वंजारी अशा भिन्न समाजांस सरसकट लावला जाई, हे येथे ध्यानात ठेवावयास हवे. शिवाय पुढील शिकारी लेखकांच्या वर्णनांत ह्या कुत्र्यास लांब, राठ केसही दिलेले आढळतात. तेव्हा साइक्सचा ब्रिंजारी तोच आजचा तुळतुळीत अंगाचा कारवानी, असे एकदम म्हणता येत नाही. दोघे एका कुळातले असावेत, इतकेच अनुमान सुरक्षित होय.

नावांची साक्षही ह्याच दिशेची आहे. ‘कारवान’ हा शब्द फारसी. त्याचा अर्थ तांडा. कानांवर व शेपटीवर झुपकेदार केस असलेल्या प्रकारास ‘पश्मी’ म्हणतात. तोही फारसी शब्द, ‘पश्म’ म्हणजे लोकर. फारसीत ‘ताजी’ हा शब्द अरबी घोड्यास आणि वेगवान शिकारी कुत्र्यास असा दोहोंस लागतो. मराठीने त्यातला घोडा घेतला आणि कुत्रा सोडला. भीमा आणि नीरा ह्यांच्या काठची तट्टे मराठ्यांच्या स्वाऱ्यांत नावाजली. त्यांच्यात अरबी रक्त मिसळले असे परंपरेने मानले जाते. ज्या वाटांनी परदेशी घोडा आला त्यांच वाटांनी परदेशी कुत्राही आला असल्यास नवल नाही. तथापि नावे जनावरांपेक्षा लांबचा प्रवास करतात. फारसी नाव असलेला प्रत्येक कुत्रा इराणातून आला, असे समजणे म्हणजे फारसी नाव असलेल्या प्रत्येक कुलकर्ण्यास इराणी ठरविण्यासारखे होईल.

यवत हे गाव पुण्याच्या पूर्वेस सुमारे ४५ किलोमीटरवर, सोलापूरच्या वाटेवर आहे. आज ते दौंड तालुक्यात मोडते. जुन्या व्यवहारात हा सारा टापू भीमथडीचा. दक्षिणेस भुलेश्वराची टेकडी, तीवर सतराव्या शतकात आदिलशाही सरदार मुरार जगदेव ह्याने बांधलेल्या दौलतमंगळ किल्ल्याचे अवशेष, आणि टेकडीपलीकडे सुपे-मोरगावकडे पसरलेला कोरडा, गवताळ माळ. पाऊस थोडा, झाडोरा विरळ, नजर पोहोचेल तेथवर उघडी जमीन : वासावर नव्हे तर नजरेवर शिकार करणाऱ्या कुत्र्यास असाच मुलूख लागतो. ससा किंवा चिंकारा दृष्टीस पडला की तेथून पुढचे काम केवळ पायांचे. खोल छाती, आवळलेली कंबर, लांब निमुळते तोंड आणि पुढे झेपावणारे लांब पाय हे जे कारवानीचे गुण म्हणून आज प्रदर्शनात मोजले जातात, ते मुळात ह्या माळाने मागितलेले आहेत. धनगरांच्या वाड्याचा कुत्रा ह्याच माळावर, ह्याच काळात पोसला गेला. परंतु त्याचे काम मेंढरांजवळ राहून लांडग्यास अडविण्याचे. त्यामुळे तो अंगाने वेगळा झाला. एकाच भूमीवर दोन प्रकारचे कुत्रे टिकले, ते कोणी वंशावळी लिहिल्या म्हणून नव्हे, तर दोन धंदे निराळे होते म्हणून.

रेल्वेपूर्वीच्या काळात देशावरील धान्य खाली आणि कोकणातील मीठ वर नेण्याचे काम लमाणांच्या बैलांनी केले. १८०३ च्या एप्रिलमध्ये आर्थर वेलस्ली पुण्यास पोहोचला तेव्हा त्याच्या फौजेची रसदही बव्हंशी अशाच तांड्यांवर अवलंबून होती. तांड्याचा मुक्काम उघड्यावर पडे; रात्री मालाची राखण आणि दिवसा वाटेवरची पारध ही दोन्ही कामे कुत्र्याकडे. रोज मजल मारणाऱ्या तांड्यामागे जो चालू शकला नाही तो मागे राहिला, आणि मागे राहिलेल्याची पिल्ले तांड्यात आली नाहीत. ह्या निवडीस कोणी शास्त्र म्हटले नाही; पण आधुनिक पैदाशीत ज्यास निवडीचा दाब म्हणतात तो हाच. कुत्री माजावर आली असता ती कोणत्या नरास लावावयाची हे डोळ्यांदेखत पळालेल्या कुत्र्यावरून ठरविणे शक्य होते. वंशावळ कागदावर नव्हती, ती लोकांच्या स्मरणात होती, आणि स्मरण चुकले तरी माळ चूक पदरात घालीत नसे.

१८५८ मध्ये पुण्याहून दिकसाळपर्यंत लोहमार्ग सुरू झाला. तो यवतवरून जातो. त्यानंतरच्या काही दशकांत बैलांची मालवाहतूक ह्या वाटेवरून ओसरली. तांडे पांगले, काही स्थायिक झाले, काही मजुरीकडे वळले. कारवानी कुत्र्याच्या इतिहासात ह्या वर्षाची गणना होत नाही, पण वास्तविक ती व्हावयास हवी. तांड्याचा कुत्रा गावातल्या घरी आला, आणि रोजच्या पोटाशी जोडलेली त्याची परीक्षा हौसेची बनली. तो नाहीसा झाला नाही; सोलापूर, सांगली, लातूर, विजापूर ह्या बाजूंना शेतकऱ्यांनी तो जपला. बाजरीच्या वा ज्वारीच्या भाकरीवर आणि ताकावर तो वाढला, सशामागे धावला. मात्र जपण्याचे कारण बदलले.

ह्या बदलाचे दुसरे टोक म्हणजे मुधोळ. तेथील घोरपडे राजांपैकी मालोजीराव ह्यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी ह्या जातीस आश्रय दिला. त्यांनी राजा पाचवे जॉर्ज ह्यांस एक जोडी भेट दिली आणि तेव्हापासून ‘मुधोळ हाउंड’ हे नाव पडले, असे सांगतात. राजाश्रयाने जातीचे रक्षण झाले हे खरेच. परंतु त्याचबरोबर तांड्यावरून पडलेले नाव मागे पडून संस्थानावरून पडलेले नाव पुढे आले. १९४८ मध्ये संस्थान मुंबई इलाख्यात विलीन झाले, १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत तो भाग म्हैसूर राज्यात गेला. पुढे श्वानसंघटनांच्या नोंदवह्यांत एकीने ‘कॅरव्हान हाउंड’ म्हणून, तर दुसरीने ‘मुधोळ हाउंड’ म्हणून एकाच कुत्र्याची नोंद सुरू केली. २०१६ मध्ये मुधोळची पिल्ले लष्कराच्या मेरठ येथील केंद्रात प्रशिक्षणासाठी नेण्यात आली. कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने २०२० च्या सुमारास देशी श्वानजातींना मान्यता दिली तेव्हा राजपालयम आणि चिप्पीपराई ह्यांच्याबरोबर ‘मुधोळ’ नोंदला गेला, तो कर्नाटकाच्या नावे. महाराष्ट्रातील कारवानी त्या नोंदीत स्वतंत्रपणे नाही. हा मानापमानाचा प्रश्न नव्हे. नोंद ज्या नावाची असते त्या नावाचेच नर पैदाशीस निवडले जातात. आधीच थोड्या असलेल्या कुत्र्यांचे दोन कप्पे पडले, तर प्रत्येक कप्प्यात नात्यातल्या नात्यात जोडी लावण्याचा प्रसंग वाढतो. सगोत्र पैदाशीने बाह्य रूप लवकर ठराविक होते. पण त्याचबरोबर वेत लहान होणे, पिल्ले दगावणे आणि दडलेले दोष उघडे पडणे हेही घडते.

जातिवंत पैदाशीचे जे नियम आज सांगितले जातात त्यांचे मोल ह्या पार्श्वभूमीवर पाहावे. कुत्रीचा गर्भकाळ सुमारे ६३ दिवसांचा. पिल्लांचे डोळे दहा ते चौदा दिवसांत उघडतात, आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून त्यांना पातळ अन्नाची सवय लावता येते. २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार अठरा महिन्यांच्या आतील कुत्री पैदाशीस लावता येत नाही, आयुष्यात पाचांहून अधिक वेते घेता येत नाहीत, आणि आठ आठवड्यांच्या आतील पिल्लू विकता येत नाही. ह्यातील शेवटचा नियम कित्येकांस जाचक वाटतो. पण स्कॉट आणि फुलर ह्या अमेरिकन संशोधकांनी १९६५ च्या ग्रंथात दाखविल्याप्रमाणे, साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यांत पिल्लू माणसाशी आणि आपल्या जातीशी जे नाते जोडते ते पुढे जन्मभर टिकते. तांड्यात हा काळ पिल्लू आईजवळ, मुलांत आणि बैलांत घालवीत असे. आज ते टोपलीत घालून बाजारात आणले जाते, आणि मग कारवानी लाजरा, परक्यास बुजणारा असतो असा दोष जातीच्या माथी मारला जातो.

शिक्षणाच्या बाबतीतही असेच. नजरेवर धावणारा कुत्रा पाठलागात असताना हाक ऐकत नाही. म्हणून हाकेला परत येणे हे पहिले शिक्षण, आणि ते लांब दोरीवर, माळावर सोडण्यापूर्वी द्यावयाचे. वर्ष पुरे होण्याआधी त्यास मोटारसायकलीमागे पळविणारे हौशी लोक त्याच्या न जुळलेल्या हाडांचे नुकसान करतात. अंगावर चरबी कमी असल्याने ह्या बांध्याच्या कुत्र्यांत काही गुंगीची औषधे प्रमाणाबाहेर रेंगाळतात, हे शस्त्रक्रियेपूर्वी पशुवैद्यास सांगितलेले बरे. भारतीय कुत्र्यांवर डब्ल्यू. व्ही. सोमण ह्यांचा इंग्रजी ग्रंथ १९६३ मध्ये निघाला. मराठीत मात्र पाळणाऱ्यांचे हे ज्ञान अद्याप तोंडीच फिरते आहे.

कायद्याने एक गोष्ट कायमची बदलली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने चिंकाऱ्यास पूर्ण संरक्षण मिळाले, आणि १९९१ च्या दुरुस्तीनंतर वन्य प्राण्यांच्या शिकारीस जागाच उरली नाही. यवतच्या दक्षिणेस सुपे येथे १९९७ पासून मयूरेश्वर अभयारण्य आहे. ५ चौरस किलोमीटरांहून थोडे अधिक. ज्या चिंकाऱ्याने एके काळी कारवानीचे पाय घडविले तोच आता तेथे त्याच्यापासून राखला जातो, आणि ते योग्यच आहे. यवत-केडगाव बाजूस कालव्याचे पाणी आले, उसाची शेते आणि गुऱ्हाळे उभी राहिली. उसाबरोबर बिबट्याही आला. माळावर उरलेल्या लांडग्यांना गावकुत्र्यांच्या रोगांचा आणि संकराचा धोका आहे. पुणे जिल्ह्याच्या बाजूस अशा संकराचा जनुकीय पुरावाही अलीकडे मिळाला आहे. तेव्हा आज ह्या भागात कारवानी पाळणाऱ्यास त्याला मोकळा सोडता येत नाही, लस चुकविता येत नाही आणि शिकारीने त्याची परीक्षाही घेता येत नाही.

मग परीक्षा कशाने घ्यावयाची? पश्चिम महाराष्ट्रातील जत्रांतून कुत्र्यांच्या शर्यती होतात. जिवंत सावज न वापरता, ओढल्या जाणाऱ्या कृत्रिम आमिषामागे घेतलेली धाव, आणि तिच्या जोडीला कोणता नर कोणत्या कुत्रीस लागला, किती पिल्ले झाली, किती जगली ह्यांची प्रत्येक पाळणाऱ्याने ठेवलेली साधी वही, एवढे साधन तूर्त हाताशी आहे. अशा वह्या सोलापूर-सांगलीकडे जमवून मुधोळच्या नोंदींशी ताडून पाहिल्यास दोन नावांखाली जात एक आहे की दोन, ह्याचा निकाल तर्काने नव्हे, पुराव्याने लागू शकेल. जुन्या पाळणाऱ्यांना आपल्या कुत्र्यांच्या चार-पाच पिढ्या तोंडपाठ असतात. त्यांतील बरेचसे आता सत्तरीच्या पुढे आहेत.