खोड, विकार आणि सवय : अंगठा चोखण्यावरील उपायांचा इतिहास

मराठीत ‘खोड’ आणि ‘सवय’ हे शब्द अर्थाने जवळचे असले तरी त्यांचा वापर सारखा नाही. सवय लागते आणि सुटते. खोड मोडावी लागते. पहिल्या शब्दात केवळ पुनरावृत्तीचा निर्देश आहे, तर दुसऱ्यात दोषारोप गृहीत आहे. तान्ह्या मुलाच्या अंगठा चोखण्याला यांपैकी कोणते नाव मिळते, यावर त्या मुलाच्या हाताचे भवितव्य अवलंबून राहिले आहे. युरोप व अमेरिका येथील गेल्या सुमारे पावणेदोनशे वर्षांचा इतिहास याची साक्ष देतो.

फ्रांकफुर्टचे डॉक्टर हाइन्रिख होफ्मान यांनी १८४४ च्या नाताळात आपल्या लहान मुलासाठी चित्रांची एक वही तयार केली. ती १८४५ मध्ये छापली गेली व पुढे ‘श्ट्रूव्हेलपेटर’ या नावाने सर्वत्र प्रसिद्धी पावली. तीतील कोनराड नावाचा मुलगा आई बाहेर जाताच तिची ताकीद विसरून अंगठा चोखतो. तोच शिंपी मोठी कात्री घेऊन येतो व त्याचे दोन्ही अंगठे कापून टाकतो. लेखक वैद्य असूनही येथे आरोग्याचा प्रश्न उपस्थित होत नाही. कोनराडचा अपराध आहे तो अवज्ञेचा.

वैद्यकशास्त्राने या कृतीची गंभीर दखल घेतली ती १८७९ मध्ये. हंगेरियन बालरोगतज्ज्ञ लिंडनर यांनी मुलांच्या बोटे, ओठ इत्यादी चोखण्यावर जर्मन भाषेत निबंध प्रसिद्ध केला आणि तिला ‘लुडेल्न’ ही संज्ञा योजिली. भूक नसतानाही चालणाऱ्या या क्रियेतील सुख त्यांनी नेमके हेरले होते. १९०५ मध्ये फ्रॉइड यांनी बालकाच्या लैंगिकतेचे विवेचन करताना याच निबंधाचा आधार घेतला. फ्रॉइड यांचा उद्देश विवरणाचा होता. मुलाचा हात बांधावा, असा त्याचा निष्कर्ष नव्हता.

हाताचे बंधन मात्र पालकांसाठी लिहिलेल्या पुस्तिकांत आढळते. अमेरिकन सरकारच्या बालक विभागाने १९१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘इन्फंट केअर’ या पुस्तिकेत बाहीचे टोक बोटांवरून ओढून टाचणीने किंवा टाक्याने बंद करावे व ते अनेक दिवस आणि रात्री तसेच ठेवावे, असा सल्ला आहे. चोखल्या जाणाऱ्या हाताला तेथे अपराध्याचे विशेषण लावलेले आहे, ही गोष्ट लक्षणीय होय. १९२८ मध्ये वर्तनवादी जॉन वॉटसन यांनी बाह्यांना बिनबोटांचे सैल कापडी मोजे शिवून ते दोन किंवा अधिक आठवडे ठेवण्यास सांगितले. मार्था वुल्फेनस्टाइन यांनी या सरकारी पुस्तिकेच्या १९१४ ते १९५१ या काळातील आवृत्त्यांची तुलना केली, तेव्हा मोठा पालट दिसून आला. १९१४ चे बालक घातक प्रेरणांच्या अधीन होते. १९४० नंतरचे बालक भोवतालची वस्तू चाचपून पाहणारे होते आणि त्याचे अंगठा चोखणे निरुपद्रवी ठरले होते.

मधल्या काळात डेव्हिड लेव्ही यांनी या प्रश्नाचे स्वरूपच बदलले होते. ज्या मुलांचे दूध लवकर पिऊन होते त्यांची चोखण्याची गरज अपुरी राहते, असे त्यांनी १९२८ मध्ये मांडले. १९३४ मध्ये त्यांनी कुत्र्याच्या पिल्लांवर प्रयोग केले. मोठ्या छिद्राच्या बुचातून झटपट दूध मिळालेली पिल्ले इतर वस्तू अधिक चोखत, असे त्यांना आढळले. बेंजामिन स्पॉक यांच्या १९४६ च्या सुप्रसिद्ध पुस्तकात हाच विचार घरोघरच्या मातांपर्यंत पोहोचला व हात बांधण्याचा सल्ला मागे पडला.

गर्भही अंगठा चोखतो, हे पुढे ध्वनिलहरींच्या प्रतिमांनी प्रत्यक्ष दाखविले. १९९१ मध्ये पीटर हेपर व त्यांच्या सहकाऱ्यांनी बहुसंख्य गर्भ उजवा अंगठा चोखतात, असे नोंदविले. जन्मापूर्वीच्या कृतीस अवज्ञा म्हणता येणे अशक्य आहे. तथापि प्रश्न संपला असे नव्हे. बहुतेक मुले दोन ते चार वर्षांच्या दरम्यान ही सवय आपोआप सोडतात. परंतु कायमचे दात येण्याच्या वयातही ती जोराने चालू राहिल्यास पुढचे दात बाहेर येणे, वरच्या व खालच्या दातांत फट राहणे असे परिणाम संभवतात. कॉक्रेन संस्थेच्या २०१५ च्या समीक्षेत उपायांसंबंधीच्या सहाच चाचण्या समाविष्ट होत्या. त्यांत दंतोपकरणे व प्रोत्साहनासारखे मानसशास्त्रीय उपाय उपयुक्त दिसले, पण पुरावा दुर्बल ठरला.

तात्पर्य, बालकाची कृती या सर्व काळात तीच राहिली. पालटले ते तिचे नाव. ‘अपराध’ म्हणताच कात्री आली, ‘घातक प्रेरणा’ म्हणताच टाचणी आली आणि ‘गरज’ म्हणताच हात मोकळा झाला. पुरावा तोकडा असलेल्या क्षेत्रात संज्ञा हीच अर्धी चिकित्सा ठरते. म्हणून ती निवडताना अभ्यासकाने आणि पालकाने सारखीच सावधगिरी बाळगणे अगत्याचे आहे.