तमिळकम् : भाषेची सीमा आणि लोकांची गणना

एखाद्या जनसमूहाची भूमी कोणती, या प्रश्नाचे उत्तर इतिहासकार सामान्यतः राजवंशांच्या राज्यविस्तारात शोधतो. तामिळ लोकांच्या बाबतीत ही पद्धती अपुरी पडते. कारण त्यांच्या प्राचीन परंपरेने आपली भूमी भाषेवरून ठरविली आहे. ‘तोल्काप्पियम्’ या व्याकरणग्रंथाच्या प्रास्ताविक पद्यात उत्तरेस वेंकटगिरी व दक्षिणेस कुमरी या दोहोंमधील प्रदेश तामिळ बोलणाऱ्यांचा म्हणून सांगितला आहे. या प्रदेशावर चेर, चोळ आणि पांड्य अशी तीन राजकुळे नांदत होती. परंतु भूमीचे नाव एकच होते : तमिळकम्.

या राजकुळांच्या प्राचीनत्वाविषयी बाह्य पुरावाही आहे. अशोकाच्या दुसऱ्या शिलालेखात चोळ, पांड्य, सत्यपुत्र व केरळपुत्र यांचा सीमेपलीकडील म्हणून निर्देश आहे. यांपैकी सत्यपुत्र कोण, हा प्रश्न दीर्घकाळ विवाद्य होता. १९८१ मध्ये जंबई येथे सापडलेल्या तामिळ-ब्राह्मी लेखात अतियमान कुळातील नेडुमान अंजीस हेच बिरुद लावलेले आढळल्याने तो बहुतांशी निकालात निघाला.

पुढे या सीमा पालटल्या, त्या कशा हे पाहण्यासारखे आहे. पश्चिमेकडील चेरभूमी प्राचीन काळी तामिळ वाङ्मयाचेच क्षेत्र होती. सुमारे नवव्या शतकापासून तेथील बोली स्वतंत्र वळण घेऊ लागली आणि कालांतराने मलयाळम् भाषा सिद्ध झाली. लोक जागचे हलले नाहीत. भाषा पालटली आणि सीमा सह्याद्रीच्या अलीकडे आली. अर्वाचीन काळातील फेरबदल प्रशासकीय होत. वेंकटगिरी, म्हणजे तिरुपतीचा डोंगर, आज आंध्र प्रदेशात आहे; कन्याकुमारी मात्र १ नोव्हेंबर १९५६ रोजी त्रावणकोर-कोचीनमधून मद्रास राज्यात आली. त्या राज्यास तामिळनाडू हे नाव १९६९ मध्ये मिळाले.

आता लोकसंख्येचा विचार करू. २०११ च्या जनगणनेनुसार भारतात तामिळ मातृभाषकांची संख्या सुमारे ६ कोटी ९० लक्ष असून त्यांपैकी सुमारे ६ कोटी ३७ लक्ष तामिळनाडूत राहतात. म्हणजे पन्नास लक्षांहून अधिक तामिळभाषक भारतातच, पण राज्याबाहेर आहेत. उलट राज्याच्या ७ कोटी २१ लक्ष लोकांपैकी सुमारे बारा टक्क्यांची मातृभाषा अन्य आहे.

समुद्रापलीकडे तर गणनेची कसोटीच बदलते. सिंहलद्वीपात जाफनाकडील तामिळ वस्ती प्राचीन आहे. डोंगराळ भागातील मजूर मात्र एकोणिसाव्या शतकात प्रथम कॉफीच्या व नंतर चहाच्या मळ्यांसाठी नेलेले. १९११ च्या शिरगणतीपासून या दोहोंची नोंद वेगळी होऊ लागली, आणि तामिळ बोलणारे मुसलमान तर तिसऱ्याच रकान्यात गेले. रकान्याचा हा भेद केवळ कागदावर राहिला नाही. १९४८ च्या नागरिकत्व कायद्याने मळ्यांतील बहुसंख्य तामिळ राष्ट्रहीन ठरले. १९६४ च्या शास्त्री-सिरिमावो कराराने त्यांची दोन देशांत वाटणी ठरविली : ५,२५,००० भारताकडे, ३,००,००० सिंहलद्वीपाकडे व उरलेल्या १,५०,००० जणांचा निर्णय पुढे. या प्रश्नाचा कायदेशीर शेवट होण्यास २००३ साल उजाडावे लागले. भाषा तीच, बोलणारे तेच. परंतु त्यांची भूमी कोणती हे दोन शासनांनी आकड्यांनी ठरविले.

मराठी वाचकास हा प्रश्न परका वाटू नये. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर १८०३ मधील भोसले वंशाच्या इतिहासाचा प्रदीर्घ मराठी लेख कोरलेला आहे. तंजावरचे राज्य १८५५ मध्ये संपले, परंतु तेथील मराठी घराणी तामिळभूमीतच राहिली. ती कोणाची गणावीत? भाषेवरून भूमी ओळखता येते, हे प्राचीन पद्यकर्त्याचे म्हणणे ग्राह्यच आहे. मात्र त्या भूमीवरील माणसांचा हक्क केवळ भाषेच्या रकान्यावरून ठरवू गेल्यास मळ्यांतील तामिळांवर जो प्रसंग आला तो कोणावरही येऊ शकतो, एवढा बोध या इतिहासातून निश्चित घेता येतो.